टाकाचा ठोक भाव

रेणुकामातेचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, महाराष्ट्रात कितीतरी देव्हाऱ्यांत असतो. समजा, माहूरच्या दुकानदारांना तुम्ही हातानं ठोकलेले पितळी टाक ठोकानं देता. एका नगाला पत्रा ४० रुपये, मजुरी ६०, पॉलिश आणि वाहतूक २०, झाले १२०. पत्र्यात कात्रणही धरा, ते मोडीच्या भावात जातं. मजुरी स्वतःची असली तरी लावायचीच. कारागीर बुडतो तो बहुधा इथंच. वर २५ टक्के नफा, म्हणजे ठोक भाव १५०. दुकानदार तो २२५ला विकेल. गिऱ्हाईक तेवढे देईल का, हे आधी बाजारात फिरून बघा. नवरात्रात मागणी वाढते, तशी उधारीही. पितळेचा भाव हलता, म्हणून दर पंधरा दिवसांपुरताच सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.