चालत्या कामाला निरोप



डहाणू तालुक्यांतील वरोर हें समुद्रकांठचें मच्छीमारांचें गांव. तेथील होडी एकदां समुद्रांत गेली, कीं किनाऱ्यावरील माणसापुढें एक प्रश्न उभा राहतो. काम सुरू झालेलें आहे, जाळें पाण्यांत आहे, आणि आतां कांहीं नवें सांगावयाचें आहे. तें कसें सांगावें? होडी परत बोलावून, निरोप देऊन, पुन्हां धाडणें परवडत नाहीं. दुसरी होडी पाण्यांत लोटली, तर पहिलीला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. आजच्या विषयाचें मर्म या प्रश्नांतच आहे. विषय मात्र होडीचा नसून संगणकाचा आहे.

संगणकानें करावयाच्या कामांची जी क्रमवार यादी आपण लिहून देतों, तिला स्क्रिप्ट म्हणतात. समजा, एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या कचेरींत अशी एक स्क्रिप्ट रात्रंदिवस चालू आहे. दर दहा मिनिटांनीं ती हवामानाचें वृत्त मागविते, वहींत नोंदविते आणि धोका दिसल्यास सभासदांच्या मोबाइलवर संदेश धाडते. दुपारीं आभाळ फिरलें. कारकुनाला वाटलें, दहा मिनिटें थांबूं नये. वृत्त आतांच पाहावें. तो आज्ञेच्या ओळीवर स्क्रिप्टचें नांव लिहून पुढें "आतां पाहा" असें लिहितो. काय होतें ? चालू असलेल्या स्क्रिप्टला त्याचा शब्द पोहोंचतच नाहीं. त्याच नांवाची दुसरी स्क्रिप्ट जन्मास येते. दोघी एकाच वहींत लिहूं लागतात, नोंदी एकमेकींत मिसळतात, आणि सभासदांस एकच संदेश दोनदां जातो. आज्ञेच्या ओळीवरील शब्द स्क्रिप्टला जन्माच्या वेळींच मिळतात. पुढें तें दार बंद होतें.

यावर उपाय आहेत. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स व्यवस्थेस आरंभ केला. तींत प्रत्येक चालत्या कामास एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावर इशारा धाडतां येतो. इशारा धाडणाऱ्या आज्ञेचें नांव 'किल', म्हणजे 'मार', असें भयंकर आहे. पण तिचें काम निरोप्याचें. हे इशारे म्हणजे शब्द नव्हेत, नुसते आंकडे. आपल्या बंदरांवर वादळाचे बावटे चढवितात, त्यांचेंच हें भावंड म्हणावें. तेथेंहि एकपासून अकरापर्यंत खुणा ठरलेल्या आहेत. दिवसां शंकू व नळकांडीं, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे. तीन नंबरचा बावटा म्हणजे स्थानिक सावधगिरीची सूचना. अकरावी खूण तर हवामान-केंद्राशीं संपर्कच तुटल्याची आहे.

युनिक्सचा पंधरावा इशारा 'आवरतें घे' असें सांगतो. स्क्रिप्टनें आधीं व्यवस्था केली असेल, तर ती वही नीट मिटून निरोप घेते. नववा मात्र ठार करणारा. त्यास अडवितां येत नाहीं, आणि अर्धी लिहिलेली ओळ अर्धीच राहते. म्हणून उठल्यासुटल्या नववा धाडूं नये. पहिला इशारा मूळचा दूरध्वनीवरील संबंध तुटल्याची वर्दी देणारा. पुढें तो 'नियमांचा कागद पुन्हां वाच' या अर्थानेंहि रूढ झाला. शिवाय लिहिणाऱ्यानें स्वतः अर्थ ठरवावा म्हणून दोन इशारे मोकळे ठेवले आहेत. कारकुनाचें "आतां पाहा" यांपैकीं एकावर सोंपवितां येईल. अट एकच : तो इशारा ऐकण्याची तयारी स्क्रिप्टनें आधींच केलेली पाहिजे. तयारी नसेल, तर तोच मोकळा इशारा तिचा प्राण घेतो.

दुसरी अडचण वेळेची. स्क्रिप्टचा दुभाषी 'बॅश' असेल, तर हातांतली आज्ञा पुरी झाल्यावांचून तो इशाऱ्याकडे वळत नाहीं. जाळें ओढणारा तांडेल मध्येंच हात सोडीत नाहीं, तसें. स्क्रिप्ट 'स्लीप' या आज्ञेनें दहा मिनिटें झोंपली असेल, तर "आतां पाहा" याचा अर्थ "उठल्यावर पाहा" एवढाच उरतो. आणि वादळ तोंवर थांबत नाहीं. उपाय सोपा आहे. झोंपेची आज्ञा मागें चालूं द्यावी, आणि स्क्रिप्टनें 'वेट' म्हणून तिची वाट पाहावी. मग इशारा येतांच ती जागी होते. आणखी एक गोष्ट : तोच इशारा लागोपाठ तीनदां आला, तरी तो एकदांच आल्यासारखा धरला जाण्याचा संभव असतो. इशाऱ्यांवर मोजदाद ठेवूं नये.

आंकड्यानें भागत नाहीं, शब्दच सांगावयाचे आहेत, तेव्हां नळीचा उपयोग होतो. एका कामाचें बोलणें दुसऱ्याच्या कानांत ओतणारी ही नळी डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून टॉम्सन यांनीं १९७३ सालीं युनिक्समध्यें बसविली. पुढें तिलाच नांव देऊन फायलींच्या यादींत ठेवण्याची सोय झाली, आणि ती टपालाच्या पेटीसारखी झाली. 'मेकफिफो' या आज्ञेनें अशी पेटी घडते. स्क्रिप्ट एका टोंकाशीं वाचीत बसते; कारकून दुसऱ्या टोंकानें "डहाणूचें वृत्त पाहा" अशी ओळ सोडतो. वाचणारा कोणी नसेल, तर लिहिणारा दाराशींच ताटकळत राहतो. आणि एक पथ्य : आंत आलेली ओळ आज्ञा समजून जशीच्या तशी पाळूं नये. ठरलेल्या चारपांच शब्दांशीं ताडून पाहावी. न जुळल्यास टाकून द्यावी. नाहीं तर पेटींत चिठ्ठी टाकणारा कोणीहि घराचा मालक होतो.

क्रमांक कागदावर टिपून ठेवणाऱ्यांनींहि सावध असावें. संपलेल्या कामाचा क्रमांक पुढें दुसऱ्याच कामास मिळूं शकतो, आणि जुन्या पत्त्यावर धाडलेला इशारा भलत्याचाच बळी घेतो. उत्तम रीत अशी कीं, स्क्रिप्टनें सुरू होतांच एक कुलूप धरावें. त्याच नांवाची दुसरी आली व कुलूप लागलेलें दिसलें, तर तिनें आपल्या ओळीवरचे शब्द पहिलीच्या पेटींत टाकावे आणि मुकाट्यानें निघून जावें. मग कारकुनाची नांवापुढें दोन शब्द लिहिण्याची रीतच बरोबर ठरते.

निरोपांत जोखीम केवढी असते, याचें एक उदाहरण सांगतों. १९७७ सालीं निघालेल्या 'व्हॉयेजर २' या यानाला २१ जुलै २०२३ रोजीं धाडलेल्या आज्ञांत एक चूक होती. तिच्यामुळें यानाची थाळी पृथ्वीच्या दिशेपासून दोन अंश ढळली. निरोप ऐकण्याचें दार निरोपानेंच लोटलें गेलें ! ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील थाळीवरून एक मोठी हांक मारण्यांत आली. ती पोहोंचावयास साडेअठरा तास लागले, आणि उत्तर यावयास तितकेच. ४ ऑगस्ट रोजीं यान पुन्हां बोलूं लागलें. ही हांक व्यर्थ गेली असती, तरी यान ठराविक काळानें आपली दिशा आपणच सुधारील, अशी तजवीज त्यांत होतीच.

असो. चालत्या कामाला निरोप पोहोंचावा असें वाटत असेल, तर त्याची वाट काम सुरू करण्यापूर्वींच बांधावी लागते. आपल्यापैकीं कोणाच्या कचेरींत अशी स्क्रिप्ट चालत असेल, तर त्यांनीं आज, आभाळ स्वच्छ असतांनाच, तिला एक साधा निरोप धाडून पाहावा. उत्तर आलें नाहीं, तर दुरुस्तीला आज सवड आहे.