स्वागताध्यक्षीय भाषण : श्वानांतील हृदयकृमीचे निदान



गोंड राजांच्या परकोटाने वेढलेल्या या चंद्रपूर नगरीच्या वतीने, तसेच १९८२ पर्यंत ज्याचा आमच्याशी एकच जिल्हा आणि एकच दप्तर होते त्या गडचिरोलीच्याही वतीने, मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी गावी असा शिरस्ता आहे. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर या मुलखाची थोरवी डासांतच आहे, असे म्हणावे लागते. धानाच्या बांध्या, मालगुजारीच्या काळापासून गावोगाव असलेले तलाव, वैनगंगेचे खोरे आणि दमट पावसाळा यांनी डासांची अशी काही बडदास्त ठेवली आहे की, हिवताप आणि हत्तीरोग ही नावे येथील शाळकरी पोरासही ठाऊक आहेत. डासांमार्फत कुत्र्यांत पसरणाऱ्या हृदयकृमीचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील हार्टवर्मचा, संशय घेण्यास एवढे डास पुरेसे आहेत. निदानास ते पुरेसे नाहीत, हे मला यजमान या नात्याने सांगावयाचे आहे.

१८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे फायलेरिया कृमीची अर्भके, पाहिले आणि पाच वर्षांनी चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांची डासाच्या शरीरातील वाढ दाखविली. तेव्हापासून रक्ताच्या ताज्या थेंबात वळवळ शोधणे ही परंपराच पडून गेली आहे. परंतु कुत्र्याच्या थेंबात ती दिसताच ‘हार्टवर्म’ असा शेरा मारून मोकळे होणे मला अप्रशस्त वाटते. कारण आपल्या देशात डायरोफिलेरिया इमिटिस, म्हणजे खरा हृदयकृमी, याच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या असून, दक्षिणेत कातडीखाली राहणारा त्याचा भाऊबंद रेपेन्स अधिक आढळतो, आणि पिसवांमार्फत पसरणारा अ‍ॅकॅन्थोकायलोनेमा हा तिसरा गडीही त्याच थेंबात वळवळत असू शकतो.

या तिघांची ओळख पटविणारी नॉट यांची पद्धत तालुक्याच्या दवाखान्यासही परवडेल अशी आहे. १ मिलिलिटर रक्तात ९ मिलिलिटर २ टक्क्यांचे फॉर्मॅलिन मिसळावे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे आणि तळाच्या गाळास मेथिलीन ब्लू द्यावा. इमिटिसचे डोके निमुळते आणि लांबी सुमारे ३०० मायक्रॉन. रेपेन्सचे डोके बोथट आणि अंग त्याहून लांब. सूक्ष्मदर्शकात मोजपट्टी हवी, आणि मोजणाऱ्यापाशी सबुरी.

उलट पक्षी, हृदयात कृमी असूनही रक्तात एकही मायक्रोफायलेरिया न सापडणारे रुग्ण थोडेथोडके नसतात. तेथे प्रतिजन चाचणीच उपयोगी पडते. परंतु ती प्रौढ मादीचा माग काढीत असल्यामुळे संसर्गानंतरचे पहिले पाच-सहा महिने ती गप्प राहते, आणि केवळ नर असतील तर पुढेही बोलत नाही. गडचिरोलीत स्फोटके हुंगणारी केंद्रीय राखीव पोलीस दलाची श्वाने पलटणीबरोबर प्रांतोप्रांती फिरतात. त्यांतील एखादे ईशान्येत नोकरी करून आले असेल, तर बदलीच्या हुकमासोबत दोन्ही चाचण्यांचा दाखला असावा आणि सहा-सात महिन्यांनी पुनश्च तपासणी व्हावी, असे मला वाटते.

निदानातील ढिलाई महागात पडते. हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर वाटली जाणारी डीईसीची गोळी, रक्तात मायक्रोफायलेरिया बाळगणाऱ्या हृदयकृमिग्रस्त कुत्र्यास दिली गेल्यास, तीव्र प्रतिक्रिया येऊन ते जनावर दगावू शकते.

त्याच मोहिमेकडून आपणांस घेण्यासारखेही पुष्कळ आहे. मानवी फायलेरियाचे अर्भक रात्रीच रक्तात उतरते म्हणून हत्तीरोग पथकातील तंत्रज्ञ रात्री वस्त्या पालथ्या घालून काचपट्ट्या भरतात. त्या अर्भकास आवरण असते, डायरोफिलेरियाच्या अर्भकास नसते, आणि हा भेद ओळखण्याचा सराव त्यांच्या डोळ्यांस वर्षानुवर्षे झालेला आहे. कुत्र्याचे रक्त आपल्या खात्याचे नव्हे म्हणून काचपट्टी परत धाडणे हा निव्वळ कारकुनी विचार झाला.

म्हणून परिषदेस माझी विनंती आहे की, जातीची ओळख पटल्यावाचून कोणत्याही अहवालात हृदयकृमीचे नाव लिहू नये, आणि दोन्ही जिल्ह्यांतील पशुचिकित्सालयांनी संशयित काचपट्ट्या हत्तीरोग पथकाच्या तंत्रज्ञांसोबत बसून वाचाव्यात, असा ठराव आपण उद्या सायंकाळपूर्वी संमत करावा.