विरजण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"एखाद्या शब्दाविषयी बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शब्द कोठून आणू? रात्री दूध कोमट करून दही लावायला घेतले आणि शब्द हातातच सापडला. विरजणे.

दूध विरजते, तसेच ते नासतेही. दोन्हीकडे आंबटपणाच, पण एकाचे आपण कौतुक करतो आणि दुसरे दिसले की कपाळाला हात लावतो. असे का, ते माझ्या मुलीने सांगितले. ती बारावीला रसायनशास्त्र शिकते. विरजणात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. हे आम्ल सावकाश वाढते, तशी दुधातली प्रथिने एकमेकांना धरतात आणि पाणी पोटात ठेवूनच दूध घट्ट होते. उकळत्या दुधात लिंबू पिळले तर आम्ल एकदम पडते. मग चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. हे दह्यातले आम्ल शेले नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७८० साली आंबट दुधातून वेगळे काढले. ते सजीवांचे काम आहे, हे १८५७ साली पाश्चर यांनी दाखविले. आपल्या आज्यांना ही नावे ठाऊक नव्हती. पण दूध किती कोमट हवे, ते त्यांच्या करंगळीला बरोबर कळे. फार गरम दुधात ते जीव मरतात आणि थंडीत सुस्तावतात, म्हणून तर सातपुड्याचे वारे सुटले की आपण भांडे गोधडीत गुंडाळतो.

घरात विरजणच नसेल तर? नंदुरबारच्या बाईला त्याची काय चिंता! गावाबाहेर पथाऱ्यांवर लालभडक मिरची पसरलेली असते. देठासकट दोन सुक्या मिरच्या कोमट दुधात टाकल्या की झाले; तसलेच जीव त्या देठांवर वस्तीला असतात. पहिले दही बेताचेच लागते, पण त्याचे विरजण लावले की पुढचे नीट होते.

आता शब्दाची गंमत पाहा. बांगडी फुटली तर आपण 'वाढवली' म्हणतो, दुकान बंद केले तर 'वाढवले' म्हणतो. वाईटाला चांगले नाव द्यायची आपल्या भाषेची रीत. विरजणाच्या बाबतीत मात्र उलटे झाले. एवढी चांगली वस्तू, तिला आपण वाईट कामाला लावले. 'उत्साहावर विरजण पडले.' दुधात पडले तर घर खूश, उत्साहात पडले तर डोळ्यांत पाणी! मुलीला विचारले तर म्हणाली, "आई, दूध वाहते आणि दही थिजते, म्हणून असेल." मला ते पटले.

कारण मीही अशीच थिजले होते. सातवी पास झाले तेव्हा आमच्या गावात पुढची शाळा नव्हती. तालुक्याला जाते म्हटले, तर घरातली एक वडीलधारी बाई म्हणाली, "पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली." दप्तर माळ्यावर गेले.

गेल्या वर्षी हळदीकुंकवाला आपल्यातलीच एक सून मोठ्या हौसेने म्हणाली, "काकू, मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार." आणि माझ्या तोंडून निघाले, "आता कशाला गं? पोरे सांभाळ." तिचा चेहरा उतरला. तिने वाण घेतले आणि निघून गेली.

पुढे कितीतरी दिवसांनी एकदा दही फार आंबट झाले. सासूबाई म्हणाल्या, "विरजण आंबट, तर दही गोड कुठून होणार?" आणि मला ते हळदीकुंकू आठवले. तीस वर्षांपूर्वी माझ्यात जे पडले होते, त्यातलेच चमचाभर मी जपून ठेवले आणि तिच्या दुधात घातले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. "माझे चुकले," म्हटले. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "फॉर्मची तारीख गेली, काकू." त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे एक वर्ष मी परत देऊ शकत नाही. यंदा मात्र आम्ही दोघींनी मिळून फॉर्म भरायचे ठरविले आहे. गणिताची मला भीती वाटते, ते ती समजावते. विज्ञानाला माझी मुलगी आहे.

भगिनींनो, विरजण आंबट झाले की आपण शेजारणीकडून गोड विरजण मागून आणतो. दिवेलागणीनंतर ते देऊ नये म्हणतात. पण कोणी काही नवे करायचे ठरविले, तर तिला चमचाभर धीर द्यायला वेळ पाहू नका. आणि एकदा दिला की भांडे सारखे हलवून पाहू नका.