निलगिरीच्या रानातील घरे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपासून सुमारे २४ किलोमीटरवर, यारा नदीच्या काठी वॉरनडाइट हे उपनगर वसले आहे. दिवसा शहरात नोकरी करावी आणि सायंकाळी निलगिरीच्या रानात परतावे, या ओढीने माणसे तेथे घर घेतात. परंतु निलगिरीच्या पानांत तेल असते. सर्दी झाली की आपण हुंगतो तेच! जानेवारी हा तिकडचा ऐन उन्हाळा. उत्तरेचा तप्त, कोरडा वारा सुटला की हेच तेल वणव्याला खाद्य पुरविते. १९३९ साली आणि पुन्हा १९६२ साली तेथील घरे भस्मसात झाली. म्हणून पन्हळींतला पाचोळा वेळीच काढावा लागतो. घर केव्हा सोडायचे, हेही आधीच ठरवावे लागते. भिंतीलगतचे झाड तोडावे काय, हा प्रश्न मात्र अवघड. घर घेतले ते त्या झाडासाठीच ना!