गाडग्यातलं बी

मृग जवळ आला की यवतमाळच्या बाजारात रस्त्याच्या कडेला काळे प्लास्टिकचे ट्रे मांडले जातात. नारळाच्या भुशात वाढवलेली वांग्याची, मिरचीची, टमाट्याची रोपं. सगळ्यांची उंची सारखी, रंग सारखा, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारखी. थोडे पैसे मोजले की संध्याकाळपर्यंत परसबाग तयार! मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण ते ट्रे दिसले की पाय थांबतात आणि हात खिशाकडे जातो. आज या मोहाबद्दलच बोलणार आहे. कारण त्यापायी आमच्या घरातली एक वस्तू मी कायमची घालवली.

माझ्या अम्मीचं माहेर दिग्रसकडचं. लग्न होऊन आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर पुरचुंडीत वांग्याचं बी घेऊन आली होती. लहान, गोल, हिरव्यावर पांढऱ्या रेघा आणि देठाला काटे. त्या वाणाला नाव नव्हतं. शेजारचे म्हणायचे ‘तुमच्या घरचं वांगं’. आम्ही म्हणायचो ‘अम्मीके बैंगन’. आमची घरची बोली ही दखनी आणि वऱ्हाडीची खिचडी. मराठी मी कवितेसाठी शाळेतून उचलली.

हंगाम संपत आला की चांगल्या झाडावरच्या एका वांग्याला अम्मी चिंधी बांधायची. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते पिवळंधम्मक होऊन मऊ पडलं की पाण्यात कुस्करायचं. पोचट बी वर तरंगतं, भरीव तळाशी बसतं. तळाचं बी सावलीत वाळवून, राखेत घोळून गाडग्यात जायचं. काकडीचं, भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापलेलं असायचं. मृगाच्या तोंडावर हातभर रुंदीचा गादीवाफा, त्यात ओळीनं बी, वर गवताचं पांघरूण आणि मुंग्यांनी बी पळवू नये म्हणून भोवती राखेची रेघ. १९८३-८४ च्या सुमारास रमजान जूनमध्ये यायचा. सहरी झाली की अम्मी अंधारातच लोटा घेऊन वाफ्यावर पाणी शिंपडायची. रोपं लावण्याजोगी व्हायला महिना-सव्वा महिना लागे. तेवढा धीर तिच्याजवळ होता, माझ्याजवळ नव्हता.

पुढं तिचे गुडघे दुखू लागले आणि मी बाजारातून तयार रोपं आणली. ती पाहून ‘कित्ती एकसारखी!’ एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षीही आणली, त्याच्या पुढच्याही. एका वर्षी गोल वांगी म्हणून दिलेल्या रोपांना लांब जांभळी वांगी आली. हे कळायला दोन महिने गेले. तोवर ट्रेवाला कुठला सापडायला! फळ चांगलं आलं म्हणून एकदा त्याचं बी धरलं, तर पुढच्या साली एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं नाही. संकरित बियाण्याचं असंच असतं. त्याचे गुण पुढच्या पिढीत फुटून विखुरतात.

अम्मी गेल्यानंतर एकदा गाडगं खाली काढलं आणि मोठ्या हौसेनं वाफा केला. वीस दिवस पाणी घातलं. गवत उगवलं, वांगं नाही. बियाणं काही कायमचं टिकत नाही. कांद्याचं बी वर्षभरात निकामी होऊ लागतं. वांग्या-टमाट्याचं घरात तीन-चार वर्षं तग धरतं, तेही कोरडं राहिलं तर. शेजारी विचारलं. त्यांनी तर माझ्याही आधी सोडून दिलं होतं.

यात रोपवाटिकांना मी दोष देत नाही. जाळीखाली ट्रेमध्ये वाढलेलं रोप मर रोगातून बरंचसं वाचतं आणि मुळं न दुखावता मातीत लागतं. महाग बी वाया जात नाही. शेतकऱ्याला हा हिशेब पटतो. राज्य सरकारनंही २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं रोपवाटिका योजना सुरू केली. पण भेंडीची, चवळीची, दोडक्याचीही रोपं विकत घेणारे पाहिले की हसू येतं. अहो, ते बी बोटानं मातीत खोचलं की आठवड्यात वर येतं! उलट, उपटून लावलेलं त्यांना फारसं मानवत नाही.

आपल्या जिल्ह्याला खरं तर हे सांगायला नको. एके काळी सरकी घरचीच पेरली जायची. मग संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि दर मृगाला पाकीट घेणं आलं. आपल्याकडं बीटी आलं तेच मुख्यतः संकरित वाणांतून, म्हणून सरकी ठेवून उपयोग नाही. बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिलेला आहे. पण हक्क वापरायला गाडग्यात बी तर हवं! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचं असं बी जमवून जपलं. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा मला अम्मीची राखाडलेली बोटं आठवली.

दोन वर्षांपूर्वी आर्णी रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका मावशीच्या टोपलीत गोल, काटेरी वांगी दिसली. अम्मीची नव्हती, रेघा जरा जाड होत्या. बी घरचंच का, विचारलं. ‘नाही त काय इकत घेतो काय बाप्पा,’ म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला पिकून पिवळं पडलेलं एक वांगं हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत. वांग्याचं फूल बहुतेक आपल्याच परागावर फळतं, त्यामुळे वाण सहसा फिरत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या बियांची अकरा रोपं जगली. एका फळाला मी चिंधी बांधली. नात रोज विचारायची, हे का नाही तोडायचं?

आता ते बी गाडग्यात आहे. मृगाला आठ दिवस उरलेत आणि काल बाजारात ट्रे आलेले दिसले. पाय थांबलेच. मिरचीची चार रोपं घेतलीसुद्धा. वांग्याची घेतली नाहीत.