पटावर सासुरवाशीण नाही
(उन्हाळी व्याख्यानमालेत धुळ्यात दिलेले व्याख्यान)



खानदेशचा इतिहास, म्हणजे फारुकी, मोगल, 1906 मध्ये झालेले पूर्व आणि पश्चिम खानदेश, हे तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो. मला एवढंच सांगायचंय की संस्कृती रस्त्याने पसरत नाही, सोयरिकीने पसरते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावात हे बोलायला छाती लागते. (हशा)

संस्कृती कशी पसरते हे पाहायला 1997 मध्ये रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर दहा बाय दहा घरांचा पट मांडला. प्रत्येक घर एक गाव. गावाला पाच गुण, भाषा म्हणा, पेहराव म्हणा. प्रत्येक गुणाचे दहा प्रकार. शेजारची गावं जितकी सारखी, तितकी गाठ पडण्याची शक्यता जास्त; गाठ पडली की एकाने दुसऱ्याचा एक गुण उचलायचा. शेजारी सारखे होत जातात, पण बहुधा सगळा पट एकरंगी होत नाही. काही बेटं उरतात.

एका वेळी एकच गुण, हे मला फार पटतं. बट्टीच घ्या. माळव्यात, राजस्थानात बाटी गोवऱ्यांवर भाजतात, तुपात बुडवतात. आपल्याकडे जाडसर कणकेत मक्याचं पीठ, ओवा, हळद. गोळे उकडायचे, निवले की फोडी करून तळायच्या, वर तुरीचं वरण. (मागून : ‘वांग्याची भाजी राहिली!’) राहिली खरी, घोटलेली भाजी हवीच! कुणी गोवऱ्यांवर भाजतात तेही मान्य, आता बट्टीवरून भांडण नको. (हशा) गोळा तोच, आच बदलली, डाळ बदलली. आपल्या अहिराणी भाषेतही ‘आहे’साठीचं ‘शे’ गुजराती ‘छे’च्या जवळचं, पण म्हणून ती गुजराती होत नाही. आणि अहिराणीला बिघडलेली मराठी म्हणणाऱ्यांशी मी इथे उभ्या उभ्या वाद घालीन. (टाळ्या)

पण ॲक्सेलरॉडच्या पटावर गावं आणि गुण आहेत, माणूस हललेला नाही. आपल्याकडे मुलगी हलते. अमळनेरची लेक साक्रीला नांदायला येते, ती कानबाईच्या सणातल्या रोटांची रीत घेऊन येते, गाणी घेऊन येते. सासू चार दिवस कुरकुरते, नातवंडं मात्र तीच गाणी म्हणतात.

उलट जळगावचा बाजार बघा. लेवा पाटील आणि अहिराणी बोलणारा शेतकरी शेजारी बसून माल विकतात. तरी यावल-रावेरची लेवाबोली, बहिणाबाई चौधरींच्या कवितांची बोली, आणि अमळनेर-पारोळ्याची अहिराणी वेगळ्या राहिल्या. बाजारात दोघंही कामापुरती मराठी बोलतात. लेकी मात्र आपापल्या जातीतच देतात. पटावर ही जातीची भिंत कुठे आहे?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली म्हणतात. इथे संगणक शिकणारी मुलं बसली आहेत, त्यांना सांगतो : हा पट नव्याने मांडा. घरं जागेवर ठेवा, लेकी हलवा, जातीची भिंत घाला. माहिती घरीच मिळेल. आईला आणि आजीला माहेर विचारा, सासरी आल्यावर कोणते शब्द टाकावे लागले ते विचारा, आणि कोणते त्यांनी टाकले नाहीत तेही.