डेकवरचे घड्याळ

जुनी नाणी आणि टपालाची तिकिटे जमवणारे पुष्कळ असतात. आज तुम्हाला सांगायचे आहे ते आरमारी घड्याळांच्या संग्रहाविषयी, त्यातही ‘डेक वॉच’विषयी.

दिसायला हे मोठ्याशा खिशातल्या घड्याळासारखेच. मग त्याची मातबरी कशात? असे पाहा, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. वेळेत ४ सेकंदांची चूक झाली, की विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. मिनिटभर चुकले तर १५ मैल! म्हणून मुख्य क्रोनोमीटर जहाजाच्या पोटात, पेटीतल्या झुलत्या कड्यांवर जपून ठेवलेला असे. त्याला हलवायचे नाही. अधिकारी त्याच्याशी डेक वॉच ताडून घेई, ते वर नेई आणि सेक्स्टंटने सूर्य वा तारा टिपताच त्यावरची वेळ लिहून घेई.

आता गंमत ऐका. हे घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवी असे नव्हे. ते रोज २ सेकंद पुढे गेले तरी चालेल; मात्र रोज दोनच गेले पाहिजे. ठाऊक असलेली चूक वजा करता येते. लहरी चुकीला औषध नाही.

अमेरिकेत लँकेस्टर येथल्या हॅमिल्टन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात आरमारासाठी ‘मॉडेल २२’ बनवले. किल्ली देऊन किती तास झाले, हे त्यावरचा एक छोटा काटा दाखवतो. ब्रिटिश आरमाराच्या घड्याळांवर रुंद बाणाची सरकारी खूण आणि क्रमांक कोरलेला आढळतो. अशा घड्याळांच्या नोंदी ग्रिनिच वेधशाळेने ठेवल्या. त्या चोपड्या आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे क्रमांक पुसला, की घड्याळाची जन्मपत्रिकाच हरवली म्हणायची.

दुर्दैवाने विक्रीसाठी चकाकी आणताना नेमके हेच घडते. तेव्हा घ्यायचेच झाले, तर नव्याने रंगवलेली तबकडी आणि घासूनपुसून लखलखीत केलेली डबी यांना भुलू नका. यंत्रावरचे आणि डबीवरचे क्रमांक ताडून पाहा. काट्यांवर रेडियमचा लेप असल्यास तो खरवडू नका. ते आरोग्याला घातक आहे.

आणि घरी आणल्यावर? जाणत्या कारागिराकडून तेलपाणी करून घ्या. रोज ठरल्या वेळी किल्ली द्या आणि प्रमाणवेळेशी पडलेला फरक वहीत मांडा. महिनाभराने त्या घड्याळाचा स्वभाव तुम्हाला कळेल. जहाजावरच्या अधिकाऱ्यालाही तोच आधी कळावा लागे.